डोळ्यात तेल घालण्याचा उगम

११ जून

बाबा,

वडिलांना पत्र लिहिताना सुरुवातीला काय काय म्हणायचं असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येतं. ते सगळं लिहिलं आहे असं धरा आणि पुढे वाचा.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. व्याख्यानांसाठी म्हणून तुम्ही आत्याकडे राहायला गेलात आणि तिकडचेच झालात, त्यानंतर एकदा मी फोन केला होता, घरी कधी येणार हे विचारायला. तुम्ही मला 'नाकी नऊ येणं' कुठून आलं ते सांगितलंत. मोती काढणाऱ्या पाणबुड्यांची परीक्षा, लागोपाठ बुड्या, नवव्या बुडीला नाकातून रक्त. मी बसमध्ये उभी होते. गोष्ट इतकी रंगली की माझा थांबा मागे पडला आणि विचारायचं ते राहूनच गेलं.

आता कामाचं. आईचा डावा डोळा गेला.

पूर्ण अंधार नाही. समोर हात हलवला तर काहीतरी हललं एवढं तिला कळतं, बोटं मोजता येत नाहीत. बुबुळावरचा पारदर्शक पडदा बुरशीनं खाल्ला. औषधांनी जखम भरली, पण काचेवर चुन्याचा शिंतोडा वाळावा तसा पांढरा वण राहिला आणि तो नेमका मध्यावर आहे. तिला आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तपासायला आणलं तेव्हा यंत्रावर मीच होते. मी निदान करत नाही, ते डॉक्टरीणबाई करतात. मी मोजते आणि मोजलेलं लिहून ठेवते. पण त्या दिवशी मोजायच्या आधीच मला कळलं, कारण तिच्या पापण्यांना तेल होतं.

तुम्ही बाटल्यांच्या कारखान्याच्या हजेरी विभागातून निवृत्त झालात, त्या वर्षीच्या वर्धापनदिनाला भाषणात सांगितलंत, ते तेल. आठवत नसेल तर आठवण देते. जुन्या काळी काचेच्या भट्टीवर माल तपासायला बायका बसवत, नजर तीक्ष्ण राहावी म्हणून कामाला बसण्यापूर्वी त्या डोळ्यात एरंडेलाचा एकेक थेंब सोडत, राणीसाठी बनवलेल्या सुरयांमधली तडा गेलेली एकच सुरई अशा एका बाईनं दिव्यापुढे धरून ओळखली, आणि तेव्हापासून आपण म्हणू लागलो, 'डोळ्यात तेल घालून'. मग तुम्ही आईला व्यासपीठावर बोलावलंत, खिशातून ड्रॉपर काढलात आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडलात. तपासणी विभागातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. तेवीस-चोवीस वर्षांच्या संसारात तुम्ही तिच्या कामाबद्दल चारचौघांत बोललात ते तेवढंच.

ते काम कसं असतं हे तुम्ही खिडकीतून पाहिलं असेल. खोली अंधारी, समोर उजेडाची पांढरी पाटी, तिच्यापुढून पट्ट्यावर बाटल्या सरकत जातात. तडा, बुडबुडा, खडा, जे दिसेल ते उचलून बाजूला टाकायचं. पापणी मिटली की एक बाटली गेली. डोळे रेताड होतात. तुमच्या भाषणानंतर आईनं तेल सुरू केलं आणि मग तिच्या शेजारच्या बायकांनीही. तेलाची बाटली कारखान्यातच, खिडकीत, बूच नाही. त्यात काचेची धूळ. एकच ड्रॉपर सगळ्यांना.

तुम्हाला लिहायचं कारण डावा डोळा नाही. तो झाला. ती उजव्या डोळ्यात अजून घालते आहे. मी ओरडले तर म्हणाली, "अगं, आता एकट्यावर सगळा भार आला. मग त्याला जास्त नको का घालायला?"

तिला सांगा की ती गोष्ट तुम्ही रचली होती. माझं ती ऐकत नाही.

तुमची मुलगी


२९ जून

बाबा,

तुमची चार पानं मिळाली. तुम्ही मला अजून 'मोजपट्टी' म्हणता हे पहिल्या ओळीतच कळलं. आईच्या डोळ्याचा उल्लेख तिसऱ्या पानावर आहे. तिथपर्यंत शब्दांचं सत्य आणि फुटपट्टीचं सत्य यांत काय फरक असतो ते आहे.

तुम्ही लिहिता, 'रोज घाल असं मी कधी म्हटलं? मी परंपरा सांगितली.' ती परंपरा आदल्या दिवशी आपल्या स्वयंपाकघरात तयार झाली. आई दुसऱ्या पाळीला होती, मी समोर बसून जेवत होते. सुरया आधी राणीच्या नव्हत्या, सरदाराच्या होत्या. मग तुम्ही म्हणालात, "बायकांपुढे बोलायचंय, राणीच बरी," आणि आमटी वाढून घेतलीत.

तुम्ही हेही लिहिता की वाक्प्रचारांच्या उगमांचं तुमचं पुस्तक छापखान्यात गेलं आहे, ही त्यातली पहिलीच गोष्ट आहे, मुखपृष्ठावर डोळा आणि थेंब आहे, आणि ही रचलेली आहे असं एकदा लिहून दिलं की बाकीच्या गोष्टींबद्दलही कुणी विचारायला कमी करणार नाही. 'तुझी आई माझ्याकडे कुठल्या नजरेनं बघेल?' असं तुम्ही विचारलं आहे. नजरेचं मी सांगू शकते, बाबा. उजव्या डोळ्यानं अजून बघेल. बुबुळावर आता तिथेही ओरखडा दिसतो आहे. अजून वरवरचा आहे. डॉक्टरीणबाईंनी तिला माझ्यादेखत सांगितलं, "बाई, तेल बंद केलं तर हा डोळा राहील. नाही केलं तर मी काही लिहून देऊ शकत नाही." आईनं मान डोलावली, बाहेर आली आणि मला म्हणाली, "चांगल्या आहेत गं, पण वयानं लहान आहेत."

तेल मी फेकलं. घरातलं मोरीत ओतलं, कारखान्यातलं पर्यवेक्षक बाईंच्या हातापाया पडून. दुसऱ्या दिवशी बुटकीमावशीनं नवीन आणलं. बुटकीमावशी आईच्या शेजारच्या स्टुलावर बसते, तिचा स्वतःचा उजवा डोळा लाल आहे आणि जीभ धड आहे. मी तिला गाठलं.

"मावशी, तो डोळा दाखवायला ये."

"जागरणाचा आहे."

"तेलाचा आहे."

"तुझ्या बापानं एवढ्या लोकांत सांगितलं ते काय खोटं?"

"हो."

"बापाला खोटं पाडतेस? शिकवलं तुला त्यानंच ना?"

घरी आईला तेच सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुला ते आवडत नाहीत हे मला माहीत आहे. म्हणून काय वाटेल ते बोलावं का?"

पुरावा म्हणून मी उरत नाही. माझ्या शब्दाला या घरात वजन नाही, ते सगळं तुम्ही घेऊन गेलात. तेव्हा लिहा. पुस्तक नंतर निघालं तरी चालतं. डोळ्याचं तसं नाही.


८ जुलै

बाबा,

पोस्टकार्ड पोचलं. 'एका शब्दासाठी आयुष्यभराचं काम मी धाब्यावर बसवू शकत नाही.' 'धाब्यावर बसवणं' कुठून आलं ते खाली दिलं नाहीत याचं आश्चर्य वाटलं.

खरं लिहिणं तुम्हाला जमणार नाही हे मी आता मोजमापात धरते. मग खोटं लिहा, पण उपयोगाचं. सोबत कागद आहे. त्यावर एक गोष्ट आहे, ती तुमच्या अक्षरात उतरवून आईच्या नावानं कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा. घरी पाठवलीत तर ती एकटीच वाचेल. तिकडे पाठवलीत तर डब्याच्या सुट्टीत सगळ्या वाचतील. सुरुवात अशी करा की नवीन संशोधनात जुन्या समजुतीची दुसरी बाजू सापडली आहे. 'संशोधन' हा शब्द तुम्ही वापरताच.

गोष्ट थोडक्यात अशी. भट्टीचा मालक कडक होता. जिच्या हातून तडा गेलेली सुरई निसटेल तिच्या डोळ्यात सगळ्यांदेखत तेल घातलं जाई. ती शिक्षा होती. डोळे चुरचुरत, दिसेनासं होई आणि तिला तसंच दिवसभर बसवून ठेवत. तिच्याकडे बघून बाकीच्या बायका पापणी न लववता काम करत. त्या धाकातून तो शब्दप्रयोग आला. पुढे शिक्षेचा लोकांना विसर पडला आणि कौतुक तेवढं उरलं.

मला गोष्टी रचता येत नाहीत असं तुम्ही लहानपणापासून म्हणत आला आहात. ही मी डबा खाताना रचली, डबा संपायच्या आत. अवघड नाही. एक जुना काळ आणि एक दुष्ट माणूस घेतला की उगम तयार होतो. तुमची गोष्ट ऐकून बायकांनी तेल घातलं, कारण त्यात मान होता. हिच्यात अपमान आहे. अपमान कुणी स्वतःच्या हातानं डोळ्यात घालून घेत नाही.

तुमची राणी, तुमची सुरई, सगळं शाबूत ठेवलं आहे. पुस्तकातलं एक अक्षर बदलावं लागणार नाही. शेवटी एक पुस्ती जोडा हवं तर.

यात तुमचं काहीच जात नाही. एवढं तरी करा.


२ ऑगस्ट

बाबा,

केलंत. आभार मानते.

पत्र कारखान्यात पोचलं ते आईनं न फोडताच पर्यवेक्षक बाईंकडे दिलं, वाचून दाखवा म्हणून. एका डोळ्यानं वाचायला तिला वेळ लागतो आणि तिला ते सगळ्यांसमोर कळू द्यायचं नव्हतं. बाईंनी डब्याच्या सुट्टीत मोठ्यानं वाचलं. आईच्या म्हणण्याप्रमाणे वाचून होईपर्यंत कुणी घास तोंडात घातला नाही. नंतर बुटकीमावशी म्हणाली, "म्हणजे आपण इतके दिवस शिक्षा घेत होतो? तीही फुकट?" हसल्या सगळ्या. खिडकीतली बाटली कुणीतरी उचलून फाटकावरच्या रखवालदाराला दिली. त्यानं ते तेल बिजागऱ्यांना घातलं. फाटक आता वाजत नाही.

बुटकीमावशी दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे तपासायला आली. तिचा डोळा वाचेल. जाताना मला म्हणाली, "तू सांगितलंस तेव्हा पटलं नाही बाई. तू सांगतेस कशी, पाटी वाचल्यासारखी." आईनंही तेल बंद केलं. उजव्या डोळ्यातला ओरखडा भरत आला आहे, काल मोजलं. वाचायचा चष्मा बदलून दिला. कारखान्यानं तिला तपासणीतून काढून खोके भरायच्या कामावर घातलं, त्याला डोळा लागत नाही.

हे सगळं माझ्या हिशेबाप्रमाणे झालं. एक गोष्ट सोडून.

तुम्ही पाठवलेला कागद आईनं घरी आणला आणि मी वाचला. माझ्या मजकुरात तेल मालकाची माणसं घालत होती. तुमच्या अक्षरात असं आहे: 'आणि मालकाचा क्रूर दंडक असा, की हे तेल त्या बाईच्या नवऱ्याच्या हातूनच घातलं जाई.' हे माझं वाक्य नाही. ते तुम्ही का घातलंत? वाक्य चांगलं आहे हे मला कळतं. मालक त्यानं जास्त काळा दिसतो. आत्येभावाचा फोन आला होता, तो म्हणाला परवाच्या व्याख्यानात तुम्ही हीच गोष्ट सांगितलीत आणि त्या वाक्याला सभागृह गप्प झालं. पुस्तकात आता हीच जाणार असंही म्हणाला. म्हणजे त्या पुस्तकात ज्याचा उगम मला ठाऊक आहे असं एक पान असेल.

पण व्यासपीठावर तिच्या डोळ्यात तेल कुणी घातलं होतं, हे ते वाक्य लिहिताना तुमच्या लक्षात नव्हतं का? बाकीच्या बायकांनी आपापल्या हातानं घातलं. नवऱ्याच्या हातून घातलेली त्या खोलीत ती एकटीच आहे.

ती अजून काही बोललेली नाही. कदाचित तिच्या लक्षात आलं नसेल. मी विचारणार नाही.


२४ ऑगस्ट

बाबा,

तिच्या लक्षात आलं आहे. बहुधा वाचन चालू असतानाच आलं असावं.

आधी बायकांच्या लक्षात आलं. थट्टेनंच सुरू झालं, बुटकीमावशीनं मला सांगितलं. डब्याच्या सुट्टीत एकीनं विचारलं, "काय गं, कुठली बाटली सोडली होतीस?" दुसरी म्हणाली, "बाटली नसेल, दुसरंच काही सुटलं असेल." बुटकीमावशी त्यांना ओरडली, पण ओरडताना म्हणाली, "आमच्या नवऱ्यांनी उभ्या जन्मात डोळ्यात पाहिलं नाही, तेल कुठलं घालतायत." त्यावर आणखी हसल्या.

आई माझ्यापाशी काही बोलली नाही. मला दिसलं ते एवढंच की ती घरातल्या बाटल्या बघायला लागली. दुधाची, औषधाची, फिनेलची. दिव्यापुढे धरायची, उजव्या डोळ्याजवळ नेऊन फिरवायची आणि परत ठेवायची. मी विचारलं, काय बघतेस. म्हणाली, "सवय गं."

मग रविवारी कपड्यांच्या घड्या घालताना तिनं मला विचारलं, "तुझे बाबा हजेरीवर होते तेव्हा साहेबांकडून त्यांच्याकडे कधी माझी तक्रार गेली होती का? परत आलेल्या मालाची?"

मी म्हटलं नाही. मग मी तिला सांगितलं. सगळं, क्रमानं. पहिली गोष्ट तुम्ही कुठे बसून रचलीत, दुसरी मी कुठे बसून रचली, तुम्ही त्यात कोणतं वाक्य वाढवलंत. माझा कच्चा कागद होता, तो दाखवला. खाडाखोड दाखवली. तिनं चष्मा लावून तो वाचला. पुरा वाचला. मग घडी करून माझ्या हातात दिला.

"हे तू त्यांच्या पत्रावरून उतरवलंस," ती म्हणाली.

"आई, हे आधीचं आहे."

"तुला कुठे गं गोष्टी येतात? शाळेत निबंध ते लिहून द्यायचे तुला." आणि मग, अगदी मऊ आवाजात, "माझ्यासाठी करतेस हे कळतं मला. पण त्यांच्यावर नको ढकलूस."

मी कागद परत ठेवून दिला.

काल संध्याकाळी मी कामावरून आले तर ती दारातच बसली होती. चेहरा हलका झालेला. मला वाटलं डोळ्याचं दुखणं थांबलं असेल. म्हणाली, "सापडली चूक."

ती म्हणते, वर्धापनदिनाला तुम्ही राणीची गोष्ट सांगून तिला वर बोलावलंत, तेव्हा ती तुमच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि सहज म्हणाली, "हे कुठे वाचलंत हो?" समोर माइक होता. ते सगळ्यांना ऐकू गेलं. पुढच्या रांगा हसल्या, साहेबही हसले. तुम्हीही हसलात. आणि मग ड्रॉपर काढलात.

मी मागच्या दाराशी उभी होते, मला ऐकू आलं नव्हतं. मी तिला म्हटलं, ड्रॉपर बाबांच्या खिशात आधीपासून होता, म्हणजे तेल घालायचं आधीच ठरलं होतं, तुझ्या बोलण्यावर नाही. ती म्हणाली, "ड्रॉपर होता गं. पण माझ्याच डोळ्यात घालायचं, हे ठरलं होतं का?"

याचं उत्तर मला माहीत नाही. मी ते तुम्हाला विचारत नाही, कारण तुम्ही जे सांगाल ते चांगलं असेल.

तिला राग नाही. उलट आता सगळं जुळलं म्हणते. तुम्ही घर का सोडलंत, तेही तिला जुळलं. तिनं मला समोर बसवून तुम्हाला लिहायला सांगितलं आणि मी तिचेच शब्द लिहिते आहे: 'चारचौघांत तुम्हाला हसं केलं, माझी चूक झाली. मनात काही नव्हतं. एकच विचारायचं आहे. एका डोळ्यावर भागलं का, की अजून बाकी आहे?'

हे ती थट्टेनं विचारत नाही. तिनं नवीन बाटली आणून ठेवली आहे. अजून फोडलेली नाही. ती लपवायचा मी प्रयत्न केला नाही, ती दुसरी आणेल. ती तुमच्या उत्तरासाठी थांबली आहे.

उत्तराचं कार्ड सोबत आहे, पत्ता घालून. मजकूर तुमच्या अक्षरात हवा, ती अक्षर ओळखते. 'भागलं' एवढं लिहा. खाली सही करा आणि त्याच दिवशी पेटीत टाका. तो शब्द कुठून आला ते तिला सांगू नका.